सबनीस डॉक्टरांचं यॉर्कशर

सबनीस डॉक्टर गेले त्याला दीड महिना झाला. परवा त्यांचा मुलगा निखिल फार्मसीत आला, एक जाड वही माझ्यासमोर काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, "ही तुझ्याकडे द्यायची असं बाबा म्हणायचे. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

निखिलचा दोष नाही. वही देवनागरीत आहे, पण भाषा मराठी नाही. इंग्रजी म्हणावी, तर इथे न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चमध्ये ती ज्याला येईल असा माणूस शोधायला आम्हाला चार महिने लागले होते. आणि तो सापडला नसता तर फार बरं झालं असतं, असं मला आता वाटतं.

डॉक्टर पहिल्यांदा आमच्या फार्मसीत आले तो दिवस माझ्या पक्का लक्षात आहे. ऐंशीच्या पुढचं वय, टोकदार नाक, स्वेटरच्या आत टाय. चेहरा असा की आता हे 'श्रीराम' म्हणणार. त्याऐवजी काउंटरवर दोन बोटं वाजवून ते म्हणाले, "नाऊ देन, लव्ह. हॅस्टा गॉट मी टॅब्लेट्स?"

माझी सहकारी ट्रेसी इथलीच, बापजाद्यांपासून कँटरबरीची. तिने माझ्याकडे बघितलं. हे मराठीत बोलतायत आणि आता मी भाषांतर करीन, अशी तिची प्रामाणिक समजूत झाली होती. मी गोळ्या शोधता शोधता 'सबनीस' हे नाव वाचलं आणि मराठीत विचारलं, "काका, मूळचे कुठले?"

"मिरजेचा!" ते एकदम ओरडलेच. "आणि तू? पुण्याची? मग मघापासून तोंड शिवून काय उभी आहेस?"

त्या दिवसापासून ते रोज पावणेदहाला यायला लागले. गोळ्या महिन्यातून एकदाच लागायच्या, पण त्यांना रोज काही ना काही आठवायचं. माणसांशी बोलायचा मला तसा कंटाळाच आहे. दिवसभर 'जेवणानंतर घ्या' सांगून तोंड दुखतं. पण डॉक्टरांची मी वाट बघायला लागले.

मिरजेला शिकून ते विशी संपता संपता इंग्लंडला गेले आणि यॉर्कशरमधल्या एका कोळशाच्या खाणीच्या गावात चाळीस वर्षं डॉक्टरकी केली. बायको तिथेच गेली. मग निखिलने त्यांना इकडे आणलं. सोबत ते एक सुटकेस आणि त्या गावाची सगळी बोली घेऊन आले. पाऊस जोरात पडला की 'पडतोय' म्हणायचे नाहीत, 'सायलिंग' म्हणायचे. निखिलच्या बायकोने हीट पंप लावला की, "सगळं घर नेश आहे!" नेश म्हणजे ज्याला जरा थंडी सोसत नाही असा माणूस. टीव्हीवरचे तमाम पुढारी गॉर्मलेस, म्हणजे बिनडोक. आणि कशाचं नवल वाटलं की, "आय'ल गो टू द फूट ऑफ अवर स्टेअर्स!" म्हणजे मी आता आमच्या जिन्याच्या पायथ्याशीच जाऊन उभा राहतो. निखिलचं घर बैठं. नात अन्वी वैतागून म्हणायची, "आजोबा, वी डोन्ट ईव्हन हॅव स्टेअर्स. ॲण्ड नोबडी टॉक्स लाइक दॅट."

"बोलतात गं," ते म्हणायचे. "इथे नाही बोलत, एवढंच."

वही मला त्यांनी दुसऱ्या वर्षी दाखवली. दाखवली म्हणजे वाचायला दिली, कारण त्यांना ती वाचता येईनाशी झाली होती. डोळ्यांच्या मधोमध डाग आला होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही.

"तिथे गेलो तेव्हा इंग्रजीत मी कॉलेजात पहिला होतो," त्यांनी सांगितलं. "पहिल्या दिवशी खाणीतला एक माणूस आला, पोट धरून. 'बेली-वार्क' म्हणाला. मी म्हटलं, हा कुठला रोग? वार्क म्हणजे दुखणं. डोकं दुखलं तरी वार्क, दात दुखला तरी वार्क. पुस्तकात कुठे आहे ते?"

म्हणून ही वही. रोमन लिपीत लिहिलं तर उच्चार राहायचा नाही, म्हणून देवनागरीत. आणि क्रम बाराखडीचा नाही, पेशंट तपासायचा. डोक्यापासून पायापर्यंत. आधी डोकं, मग कान-नाक-घसा, मग छाती, पोट, हातपाय. 'किंक-कॉफ': डांग्या खोकला. 'लग': कान. 'निदर्ड': गारठलेला. 'जिगर्ड': थकून मोडलेला. प्रत्येक शब्दापुढे तो शब्द ज्याच्या तोंडून ऐकला त्या पेशंटचं नाव, गल्ली, आजार. त्याशिवाय म्हणे शब्द लक्षात राहायचा नाही.

"हीच चूक झाली बघ," ते म्हणाले. "नावं आहेत म्हणून ही वही कुणाला देता येत नाही. पेशंटची नावं आहेत ती. आणि नागरीत आहे म्हणून तिथल्या माणसाला वाचता येत नाही. ज्याला वाचता येईल त्याला तिथल्या बोलण्याची चाल ठाऊक नाही. असा शहाणा मी."

त्यांना हवं होतं ते एवढंच: मी नावं गाळून शब्द उतरवून काढावेत, तिथल्या कुणीतरी ते ऐकून बरोबर आहेत म्हणावं, आणि मग मूळ वही जाळून टाकावी. मी हो म्हणाले. मंगळवारी मला सुट्टी असते. मंगळवार दुपार त्यांची झाली.

तिथलं माणूस शोधायला त्यांनी डेअरीच्या काचेवर एक कार्ड लावलं. कोपऱ्यावरच्या दुकानाला इथे डेअरी म्हणतात. तिचा मालक गुजराती, त्याने लावू दिलं. गावाचं नाव, खाली 'कोणी असल्यास चहाला या', खाली माझा फोन नंबर. चार महिने कुणी फिरकलं नाही. रोज पावणेदहाला ते विचारायचे, "आला का गं फोन?" आणि मी नाही म्हटलं की उगाच खोकल्याच्या गोळ्या विकत घ्यायचे.

पाचव्या महिन्यात एका रेस्ट होममधल्या, म्हणजे वृद्धाश्रमातल्या, केरळी नर्सचा फोन आला. त्यांच्याकडे एक आजोबा होते, आर्थर, सत्त्याऐंशी वर्षांचे, जन्मभर इथे सुतारकाम केलेले. ते हल्ली काय बोलतात ते कुणालाच कळत नव्हतं.

आम्ही गेलो. आर्थर खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. प्रचंड हाडापेराचा माणूस, पण कपडे ढगळ झालेले. नर्स म्हणाली, आठवडाभर ते एकच शब्द ओरडतायत, आम्ही नोंदीत 'अस्वस्थ' लिहिलंय. तेवढ्यात तो ओरडलाच. डॉक्टर दारातच थांबले. मग पलंगावरची गोधडी उचलली, आर्थरच्या गुडघ्यांवर टाकली, खांद्याभोवती शाल गुंडाळली आणि म्हणाले, "ही'ज निदर्ड. थंडी वाजतेय त्याला. आठवडाभर तेच सांगतोय."

मग ते त्याच्याकडे वळले. "नाऊ देन, लॅड."

आर्थरचा चेहरा मी विसरूच शकत नाही. त्याने डॉक्टरांचं मनगट धरलं आणि ढसाढसा रडायला लागला. इथे येऊन त्याला साठ वर्षं होत आली होती. बायको इथली, मुलं इथली. ती भाषा त्याने कधीच खुंटीला टांगली होती. म्हातारपणी बाकीचं गळून गेलं आणि तेवढीच उरली.

दोघं तासभर बोलले. मला दहातला एक शब्द कळत होता. गल्ल्यांची नावं निघाली, खाणीचा भोंगा निघाला, खाणीत डब्याला 'स्नॅप' म्हणत ते निघालं. आर्थर म्हणाला, त्याची धाकटी बहीण तिथेच राहिली होती. अवर ईडी. ती माणसं घरच्यांचं नाव घेताना पुढे 'अवर' लावतात, आपण 'आमची शुभी' म्हणतो तसं. डॉक्टरांना ही पद्धत फार आवडायची. त्यांनी मला ती दहा वेळा समजावली होती.

"तुम्ही तिथले डॉक्टर होता," आर्थर म्हणाला. "अवर ईडीला ओळखत असाल? लग्नानंतर मार्केट स्ट्रीटला राहायची. हृदय बंद पडून गेली. एकतिसाव्या वर्षी."

डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावरची शाल सारखी केली. मग म्हणाले, "नाही. तिथे दोन डॉक्टर होते."

गाडीत बसल्यावर त्यांना पट्ट्याचं टोक खोबणीत घालता येईना. पट्टा मी लावून दिला. पार्किंगमधून बाहेर पडायच्या आधीच ते बोलायला लागले.

"मी खोटं बोललो. ती माझीच पेशंट होती. मी जाऊन तीन महिने झाले होते. नवरा घेऊन आला तिला. ती काही बोललीच नाही, खाली बघत बसली. तो म्हणाला, आई गेल्यापासून ही 'डाउली' झालीय. डाउली. मला तो शब्द माहीत नव्हता. विचारायला काय झालं होतं? 'म्हणजे काय हो?' एवढं विचारायचं. पण काळा डॉक्टर, नवा डॉक्टर, त्याला इंग्रजीसुद्धा येत नाही असं होईल ना! बाहेर वीस माणसं बसलेली. मी 'येस, येस' म्हणून मान डोलावली आणि लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या."

"मग?"

"दहाव्या दिवशी गेली. स्वतःच गेली." कशी, ते त्यांनी त्या दिवशी सांगितलं आणि नंतर आणखी एकदा सांगितलं. मी इथे लिहिणार नाही. "डाउली म्हणजे मन विझलेलं. शेजारच्या बाईला विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. दुसऱ्या दिवशी मी वही आणली."

नवऱ्याने लाजेने सगळ्यांना हृदय म्हणून कळवलं होतं. आर्थरलाही.

मी डॉक्टरांना म्हटलं, काका, पन्नास वर्षं झाली, राहू दे. ते माझ्यावर चिडले. इतके चिडलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "तो सत्त्याऐंशीचा आहे! मी चौऱ्याऐंशीचा! कधी सांगू?"

तेव्हापासून मंगळवार म्हणजे एक छळ झाला. मी वही वाचायची, आर्थर हसायचा, माझा उच्चार सुधारायचा, डॉक्टर मान हलवायचे. डोकं झालं, छाती झाली, पोट झालं. पोटानंतर वहीत एक पान होतं, त्यावर 'मन' असं लिहिलेलं. ते आलं की डॉक्टर म्हणायचे, "पुढे चल." मी सरळ हातपायांवर जायचे. चहा व्हायचा, त्यांच्या भाषेत ब्रू. आर्थर कुठल्या तरी निमित्ताने ईडीची गोष्ट काढायचा: ती किती खट्याळ होती, बोटीवर चढताना तिने त्याला कसं मागून ढकललं, आईच्या मयतीला तो कसा जाऊ शकला नाही आणि तिने त्याला त्याबद्दल एक अवाक्षर लिहिलं नाही. डॉक्टर तोंड उघडायचे. मिटायचे. "ब्रू थंड झाला," म्हणायचे.

परतताना गाडीत प्रत्येक वेळी तेच. "आज सांगणार होतो गं. अगदी ओठांवर आलं होतं. पुढच्या मंगळवारी." कधी म्हणायचे, पेशंटचं गुपित आहे, मला सांगायचा हक्कच नाही. कधी म्हणायचे, हक्कबिक्क काही नाही, मी भित्रा आहे. एकदा घरासमोर गाडी थांबवली तरी उतरेनात. बसून राहिले, आणि एकाएकी दोन्ही हातांनी स्वतःच्या तोंडात मारून घ्यायला लागले. मी त्यांचे हात धरले. निखिल दारात येऊन बघत होता. त्याला मी काय सांगणार?

गोळ्या मीच भरत असे. आठवड्याच्या पाकिटात सकाळ, दुपार, रात्र असे कप्पे असतात. हिवाळ्यात प्रिस्क्रिप्शनवर एक नवी गोळी आली. ती विसरायला लागलेल्या माणसांना देतात, ते मला कुणाला विचारावं लागलं नाही. मी ती रात्रीच्या कप्प्यात टाकली आणि मागच्या खोलीत जाऊन पाच मिनिटं उभी राहिले.

आधी इंग्रजी गेलं. पुस्तकी इंग्रजी नव्हे फक्त, ते यॉर्कशरसुद्धा. चाळीस वर्षांत मिळवलेलं सगळं वरून खाली सोलत गेलं आणि खाली मिरज निघाली. फार्मसीत येऊन ते ट्रेसीशी मराठीत बोलायचे. ती आपली "स्वीट ॲज, डॉक", म्हणजे सगळं मस्त, म्हणायची. अन्वी तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत उत्तरं द्यायला लागली, तेवढंच काय ते चांगलं झालं. पण ईडी त्यांच्या डोक्यातून गेली नाही. माझं नाव घेताना चुकायचे, तिचं घेताना नाही.

आर्थरची छाती भरत चालली होती. नर्सने मला बाजूला घेऊन सांगितलं की फार दिवस नाहीत. निखिल म्हणाला, आता बाबांना नेऊ नकोस, त्यांना त्रास होतो, आणि तिथे ते बोलणार तरी काय? मी म्हटलं, एकदा नेते. शेवटचं.

त्या मंगळवारी गाडीतून उतरताना त्यांनी माझा दंड धरला. डोळे अगदी स्वच्छ होते. "मला त्याची भाषा सापडत नाहीये. मी आपल्या भाषेत सांगतो. तू त्याला सांग. एकही शब्द गाळायचा नाही. शपथ घे."

मी शपथ घेतली.

आर्थर पलंगावर होता, नाकात नळी. डॉक्टर त्याच्याजवळ खुर्ची ओढून बसले आणि त्याचा हात हातात घेतला. मग मराठीत, अगदी सावकाश, आर्थरच्या डोळ्यांकडे बघत म्हणाले, "मी खोटं बोललो होतो. तुझी बहीण माझी पेशंट होती."

मी आर्थरला सांगितलं, डॉक्टर म्हणतायत की ते तुमच्या बहिणीला ओळखत होते.

त्याचा सगळा चेहरा उजळला. "अवर ईडी? दा न्यू अवर ईडी? तुम्ही ओळखत होता तिला?" श्वास पुरत नव्हता तरी तो उठून बसायला लागला. "कशी होती ती? शेवटी कशी होती?"

डॉक्टर बोलतच होते. "तिच्या नवऱ्याने मला तिचं दुखणं सांगितलं. मला कळलं नाही. लाज वाटली म्हणून मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती जगली असती. हृदय नव्हतं ते. तिने जीव दिला." मग ते माझ्याकडे वळले. "सांग."

आर्थरही माझ्याकडे बघत होता. अंगावरच्या चादरीची कड त्याने मुठीत घट्ट धरली होती.

मी म्हणाले, "डॉक्टर म्हणतायत, ती फार आनंदी होती. आली की तुमच्याबद्दलच बोलायची. माझा भाऊ न्यूझीलंडला आहे, सुतार आहे, असं सगळ्यांना सांगायची. तिला काही त्रास झाला नाही. झोपेत गेली."

आर्थर उशीवर मागे टेकला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्याने पुसलं नाही. म्हणाला, "आईच्या वेळी मी गेलो नाही, म्हणून ती रागावली असेल असं मला जन्मभर वाटत होतं." मग डॉक्टरांचा हात थोपटून म्हणाला, "गॉड ब्लेस दी, लॅड."

डॉक्टरांनी मला विचारलं, "काय म्हणाला?"

"म्हणाला, तुमच्यावर राग नाही."

"सगळं सांगितलंस ना? जीव दिला ते?"

"हो काका."

"आणि तरी राग नाही?"

"नाही."

त्यांनी आर्थरचा हात उचलून कपाळाला लावला. आर्थरला हसू आलं. दोघं तसेच बसून राहिले, एकमेकांकडे बघत, आणि मी खिडकीबाहेरच्या पार्किंगकडे बघत राहिले. नर्स चहा घेऊन आली. डॉक्टरांनी दोन बिस्किटं खाल्ली. मंगळवारचं बिस्किट त्यांनी कधी संपवलेलं मी पाहिलं नव्हतं.

आर्थर त्याच आठवड्यात गेला. डॉक्टरांना ते सांगायचं नाही असं निखिलने ठरवलं, आणि त्यानंतर ते घराबाहेर फारसे पडलेच नाहीत. त्यामुळे माझ्या मनात ते राहिलेत ते त्या दिवसाचे. मी गाडीचं दार उघडलं, ते आत बसले, पट्टा त्यांनी स्वतःचा स्वतः लावला. चेहरा दहा वर्षांनी तरुण झालेला. मी किल्ली फिरवली तशी त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"तू होतीस म्हणून झालं गं," ते म्हणाले. "नाहीतर हे मी कुणाला सांगितलं असतं?"

"हो काका," मी म्हणाले, आणि गाडी रिव्हर्समध्ये घेतली.